नकाशावरचा बांध आणि पायाखालचा बांध: खाजनांविषयी बोलणाऱ्यांना खुले पत्र

खाजनांविषयी तळमळीने लिहिणाऱ्या, बोलणाऱ्या आणि आराखडे आखणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी बार्देश तालुक्यात शापोरा नदीच्या काठी राहणारा कूळ-शेतकरी. घरी कोकणी बोलतो, लिहिणं-वाचणं सगळं मराठीत झालं, म्हणून हे पत्र मराठीत. गेली बावीस वर्षं आमच्या कूळ संघटनेची वही माझ्याकडे आहे. त्या वहीच्या आधारानेच आज तुमच्याशी बोलतोय.

गेल्या उन्हाळ्यात तुमच्यापैकी चार जण आमच्या गावी आले होते. खाजनांचा, म्हणजे नदीचं खारं पाणी बांधाने अडवून कसलेल्या सखल जमिनींचा, नकाशा करायचा होता. मला फार आनंद झाला. आमच्या बांधावर इतक्या आस्थेने कुणी चालल्याला खूप वर्षं झाली होती. मी त्यांना बांधाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं, दीड किलोमीटर. मानशीपासून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांपासून, साधारण दोनशे पावलांवर एक जागा आहे, तिला आम्ही ‘मोडकी’ म्हणतो. माझ्या आज्याच्या वेळेस बांध तिथे फुटला होता, तेव्हापासूनचं नाव. तिथली माती कधीच घट्ट बसत नाही, उधाणाला आतल्या अंगाने झिरपते. मी त्यांना खाली बसवून ती ओल हाताला लावून दाखवली. त्यांनी फोटो काढले.

काही महिन्यांनी पणजीला सादरीकरण होतं, मलाही बोलावलं होतं. पडद्यावर आमचं खाजन आलं. बांध म्हणजे एक सुंदर निळी रेघ, मानशीच्या जागी एक लाल ठिपका. मी विचारलं, “मोडकी कुठाय?” सादर करणारा मुलगा मनाने चांगला, अभ्यासू. तो अदबीने म्हणाला, “काका, या पातळीवर एवढं बारीक दाखवता येत नाही.”

त्या वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही. खाजन फुटतं ते त्या ‘एवढ्या बारीक’ जागीच फुटतं. दीड किलोमीटरचा बांध सगळा एकदम कधी फुटत नाही, हातभर जागा फुटते. ती जागा ज्या नकाशात नाही, तो नकाशा खाजन वाचवण्याच्या कामी कसा येणार? राग धरून विचारत नाही. तुमचं खाजनावर प्रेम आहे हे मला ठाऊक आहे, म्हणूनच लिहितोय. ज्यांना खाजन बुजवून बंगले उठवायचेत त्यांना पत्र लिहिण्यात अर्थ नाही.

ज्या वाचकांनी खाजन जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गोव्यात अशी जमीन सतरा-अठरा हजार हेक्टर असल्याचं सांगतात. राज्याचं एकूण क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे वीस भागांतला जवळजवळ एक भाग. भरतीच्या वेळी नदीचं पाणी जितकं चढतं त्याहून ही जमीन खाली आहे. आपल्या पूर्वजांनी चिखल, चिरे, बांबू आणि पेंढा यांच्या जोरावर ती खाऱ्या पाण्याकडून काढून घेतली. नदीच्या अंगाला मोठा बांध, बांधात मानस, आतल्या बाजूला सखल जागी पोंय, म्हणजे पाणी साठायची जागा, आणि पोंयीच्या वर आतले बांध घातलेली भाताची शेतं. मानशीची दारं जड लाकडाची असतात. भरती आली की नदीचं पाणीच त्यांना ढकलून बंद करतं, ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना उघडून बाहेर पडतं. ना मोटर, ना माणूस. पावसाळ्यात पाऊस शेतातलं मीठ धुऊन काढतो आणि ते पाणी मानशीवाटे नदीत जातं. मग खारवट जमिनीत तगणारं भात येतं. आमच्याकडे कोरगूट, काही ठिकाणी आसगो. भात कापल्यावर आत येणाऱ्या नदीच्या पाण्यात शेवटे मासे, सुंगटं म्हणजे कोळंबी, आणि कुर्ल्या म्हणजे खेकडे.

इतकी सुंदर रचना पाहून तुम्ही भारावून जाता, ते मला समजतं. पण दारं आपोआप मिटतात हे पाहून, खाजनही आपोआप चालतं असं वाटायला लागतं. तसं ते कधीच चालत नव्हतं. आमच्या भागात म्हातारी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. रात्री सव्वाअकराला पाणी पुरतं चढणार. नदीत जरा आत असलात तर थोडा उशीर धरायचा. हे गणित फक्त डोक्यात ठेवून भागत नव्हतं. त्या वेळेला कंदील घेऊन कुणीतरी बांधावर चालत असायचं. अमावास्येला, पौर्णिमेला, आणि पुढचे दोन-तीन दिवस. सगळ्या खाजनाचा जीव त्या चालण्यात होता.

तीन वर्षांपूर्वीची आश्विनातली पौर्णिमा सांगतो. कोजागिरीची रात्र. भात निसवून दाणे भरत आले होते, आठ-दहा दिवसांत कापणी. अशा वेळी खारं पाणी चढलं तर दाणा पोचट राहतो. त्या रात्री बांधावर जायची पाळी ज्यांची होती ते आजारी पडले, आणि पाळी बदलायला दुसरं माणूस मिळालं नाही. पावणेबाराच्या सुमारास शेजारच्या वहिनी कुत्रं भुंकतंय म्हणून मागच्या दारी आल्या आणि त्यांना शेताकडून पाण्याचा आवाज ऐकू आला. त्यांनी हाक मारली, “उदक रिगलें!” पाणी शिरलं!

मी पोचलो तेव्हा भोक माझ्या मनगटाएवढं होतं. कुर्लीचं बीळ. कुर्ली बांधाच्या बाहेरच्या अंगाने शिरून पोखरत आत येते. पाणी कमी असताना त्यातून नुसती झिर येते, कुणाला कळतही नाही. उधाणाचं पाणी वर चढलं की झिरेची धार होते, धार आतली माती घेऊन बाहेर येते. बिळाचं तोंड तुमच्या डोळ्यांदेखत रुंदावत जातं. मी गवताची पेंढी कोंबली, ती पाण्याने बंदुकीतून सुटल्यासारखी बाहेर फेकली. अशा वेळी आतून बुजवायचं नसतं, बाहेरून बुजवायचं असतं, नदीच्या अंगाने, म्हणजे पाण्याचा दाबच बोळा आत दाबून धरतो. हे मला माहीत होतं, पण मी एकटा होतो, आणि नदीच्या बाजूला छातीभर पाणी होतं. माणसं गोळा होईपर्यंत वीस मिनिटं गेली. आलो आम्ही नऊ जण. सर्वांत तरुण माणूस एकावन्न वर्षांचा. तेवढ्यात वरची माती बसली आणि सहा हातांची खांड पडली. मग भरती उतरायची वाट बघत बांधावर बसून राहण्यापलीकडे काही हातात नव्हतं. चांदणं इतकं लख्ख होतं की भाताच्या लोंब्या पाण्याखाली जाताना दिसत होत्या.

पहाटे पाचला पाणी पुरतं ओसरल्यावर खांडीत बांबू ठोकले, मध्ये पेंढा, त्यावर नदीच्या पात्रातली चिकणमाती गोळे करून लावली. अकरा वाजेपर्यंत काम चाललं, कारण दुपारची भरती यायच्या आत ते व्हायलाच हवं होतं. बांध उभा राहिला. त्या वर्षीचं भात मात्र गेलं, एकवीस घरांचं.

ज्या आठवड्यात हे झालं त्याच आठवड्यात एका संस्थेकडून संघटनेला प्रश्नावली आली. आमच्या खाजनापासून मिळणाऱ्या ‘परिसंस्था सेवां’चं मूल्य दर हेक्टरी किती, असा पहिला प्रश्न होता. दुसरा ‘हवामान बदलाशी जुळवून घेण्याची समुदायाची लवचीकता’ एक ते पाच गुणांत मोजा, असा. मी प्रश्नावली पुढ्यात घेऊन बसलो, हाताला अजून चिखलाच्या भेगा होत्या. मला खरंच उत्तर द्यायचं होतं. पण कुर्लीच्या बिळाला त्यात रकाना नव्हता. रात्रीच्या पाळीलाही नव्हता. पाळीला माणूस का मिळाला नाही, या प्रश्नाला तर नव्हताच.

तुमच्या शब्दांविषयी मला आकस नाही. ‘वारसा’ हा शब्द चांगला आहे. ‘परिसंस्था’ही खोटी नाही, खाजनात भात, मासळी, पक्षी, मीठ सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे हे आम्ही जन्मापासून बघतो. माझी तक्रार वेगळी आहे. शब्द हातात आला की तुम्हाला वस्तू हातात आल्यासारखं वाटतं. ‘लोकसहभागातून संवर्धन’ असं लिहिलं की अहवालात ते काम झालं. आमच्या वहीत चौसष्ट कुळांची नावं आहेत. त्यातल्या सतरांचे वारस परदेशी, म्हापसा-पणजीत नोकरीला असलेले त्याहून जास्त, काहींची घरं कुलूपबंद. लोकसहभागातले ‘लोक’ म्हणजे ते नऊ जण. त्यांच्यातले दोघे गुडघेदुखीने आता चिखलात उतरू शकत नाहीत. म्हणजे सात. तुम्ही लोकसहभाग लिहाल तेव्हा कृपा करून त्या सात जणांची वयंही लिहा.

आता जरा नाजूक विषय. तुमच्यापैकी काही जण गावकरीच्या काळाविषयी फार ओढीने बोलतात. पोर्तुगीज यायच्या आधीची स्वयंपूर्ण ग्रामसंस्था, सगळ्यांची जमीन, सगळ्यांचा बांध. ती परत आणली की खाजन वाचेल, असं एका व्याख्यानात ऐकलं. त्या संस्थेचं मोठेपण मी नाकारत नाही. गावाने मिळून बांध राखायचा, बांधाचा खर्च आधी बाजूला काढायचा आणि मग उरलेलं वाटायचं, ही शहाणी रीत होती. पुढे पोर्तुगीज अमलात तिची कोमुनिदाद झाली, तिची संहिता १९६१ सालची आहे, तिच्यातही त्या रीतीच्या खुणा सापडतात. पण गावकार म्हणजे गावातले सगळे नव्हेत. ठराविक घराण्यांतले पुरुष. चिखलाचे गोळे ज्यांनी डोक्यावरून वाहिले त्यांतल्या कितीतरी जणांना त्या बैठकीत बसायला जागा नव्हती, बायकांचा तर प्रश्नच नव्हता. माझा आजा त्या चिखल वाहणाऱ्यांतला. त्याच्या पाठीवरचे वळ मी लहानपणी पाहिलेत. तेव्हा तो काळ परत आणू या असं कुणी म्हटलं की मला विचारावंसं वाटतं, त्यात गोळे कोण वाहणार आहे?

१९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची त्याची पाचवी दुरुस्ती यांनी आम्हाला कसेल त्याची जमीन दिली. त्याविरुद्ध मी एक अक्षर ऐकून घेणार नाही. माझ्या बापाने त्या कायद्यामुळे मान वर करून बोलायला सुरुवात केली. पण त्या कायद्याच्या नजरेतही एक त्रुटी राहिली, आणि ती तुमच्याच प्रकारची आहे. कायद्याला शेत म्हणजे एक तुकडा दिसला, एक सर्व्हे नंबर, सातबाऱ्यासारख्या आमच्या एक-चौदाच्या उताऱ्यावरचं एक नाव. डोंगरउतारावरच्या शेताला ते चालतं. खाजन हे एकच भांडं आहे. माझ्या तुकड्यासमोरचा बांध मी राखला आणि शेजाऱ्याने सोडला, तर दोघंही बुडतो. उतारा माझ्या नावावर झाला, पण बांध कुणाच्या नावावर? कागदोपत्री संघटनेच्या. संघटनेकडे पैसा येतो तो मानशीच्या पावणीतून, मासळी धरायचा हक्क लिलावात देऊन. आणि ज्याने पावणीत मानस घेतली त्याला मासळी जास्त हवी, म्हणून रात्रीच्या भरतीला दारं अडवून उघडी ठेवायची त्याला ओढ लागते. भात पिकवणाऱ्याला मानस मिटलेली हवी, मासळी धरणाऱ्याला उघडी. पूर्वी हे भांडण मिटवायला गावाचा धाक होता. आज धाक कुणाचा, हे कुठल्याच आराखड्यात लिहिलेलं मला सापडलेलं नाही. तुमच्या बुद्धीची इथे खरी गरज आहे. पावणीचा करार कसा लिहावा, मानशीची किल्ली कुणाकडे असावी, पोंयीतलं पाणी कुठल्या खुणेपर्यंत चढू द्यावं, दंड किती, तो वसूल कुणी करावा. हा विषय परिषदेत मांडायला छोटा वाटत असेल. गोव्यातली कितीतरी खाजनं याच छोट्या विषयापायी खारी झाली.

खारफुटीचंही असंच. ६ जानेवारी २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा भाग आहे. खाजनांचे नकाशे करावेत, तिथे विकासकामं होऊ देऊ नयेत, खाजनाकडेची खारफुटी राखावी आणि व्यवस्थापन आराखडा तयार करावा, असं त्यात आहे. ते वाचून मला समाधान वाटलं होतं. बांधाच्या बाहेरची खारफुटी आम्हालाही हवी आहे. ती लाटेचा मार स्वतःवर घेते, बांधाची माती धरून ठेवते. आमच्या आज्यांनी ती कधी मुळासकट काढली नाही. पण बांध फुटून खारं पाणी शेतात साचलं की दोन-तीन वर्षांत शेतातच तिवर रुजायला लागतो. मग त्या जागेचं काय करायचं? एक पक्ष म्हणतो, खारफुटी आली म्हणजे निसर्गाने आपली जागा परत घेतली, हात लावायचा नाही. दुसरा म्हणतो, खाजन हा वारसा आहे, शेती परत आली पाहिजे. दोन्ही बाजूंना मोठे शब्द आहेत आणि ते शब्द पणजीत एकमेकांशी भांडत बसतात. इकडे वर्षं जातात. कोंब झाड होतं, झाडाची मुळं आतल्या बांधात शिरतात, आणि ज्या शेतकऱ्याने पहिल्या वर्षी बांध दुरुस्तीसाठी अर्ज केला होता तो सहाव्या वर्षी कायद्याने आपल्याच शेतात परका होतो.

आमच्या शेजारच्या वाड्यावर हेच घडलं. अर्ज केला, पाहणी झाली, अंदाजपत्रक झालं, निविदा निघेपर्यंत पाऊस आला. पुढच्या वर्षी अंदाजपत्रक जुनं झालं म्हणून नवं. तोवर शेतात तिवराची रोपं. मग वेगळी परवानगी, वेगळी पाहणी. कुठल्या एका कार्यालयाचा किंवा माणसाचा दोष म्हणून मी हे सांगत नाही, प्रत्येकाने आपल्या कागदापुरतं बरोबरच काम केलं असणार. पण भरती दिवसातून दोनदा येते आणि फाईल वर्षातून दोनदा हलते. या दोन वेळांचा मेळ कसा घालायचा? फुटलेल्या बांधाला पहिल्या पावसाआधी हात लावायची मुभा आणि पैसा गावाला थेट मिळायला हवा, हिशेब मागाहून कडक घ्या. आणि तीन महिन्यांचं रोप व वीस वर्षांची खारफुटी यांत कायद्याने फरक करायला हवा. हे दोन मुद्दे कुणी नीट शब्दांत बांधून सरकारपुढे ठेवले, तर त्या माणसाला मी खाजनाचा मित्र म्हणेन, मग त्याने आयुष्यात चिखलात पाय घातलेला नसला तरी.

हे मुद्दाम लिहितो, कारण माझं म्हणणं ‘पुस्तकी माणसं नकोत’ असं कुणी ऐकू नये. पुस्तकी माणसांनी आमचं भलं केलेलं मी पाहिलंय. जुन्या गोव्यातल्या केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आमच्या कोरगुटातूनच निवड करून खारवट जमिनीला मानवणारी ‘गोवा धान’ नावाची वाणं तयार केली. कोरगूट उंच वाढतं, वाऱ्याने आडवं पडतं, दाण्याला लांब कूस असते, ते झोडपणं-सडणं जिकिरीचं. ही माणसं शेतात आली, कुठल्या कोपऱ्यात खार जास्त, कुठे कमी हे विचारलं, त्याच कोपऱ्यात बी पेरून पाहिलं. विज्ञान तर त्यांच्याकडेही होतं. फक्त त्यांनी आधी कोपरा पाहिला.

आणखी एक मुलगी आठवते, पदव्युत्तर अभ्यास करणारी. आमच्या वहिनी पेरणीआधी शेतातलं साचलेलं पाणी बोटाने जिभेला लावून बघतात. मीठ उतरलंय की नाही ते त्यांना चवीने कळतं, आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. त्या मुलीकडे पाण्यातला क्षार मोजायचं हातातलं छोटं यंत्र होतं. ती एक पावसाळाभर दर चार दिवसांनी यायची, वहिनी चव सांगायच्या, ती आकडा लिहायची. जुलैच्या सुरुवातीला एका कोपऱ्यात वहिनींना पाणी ‘चालेल’ वाटलं आणि यंत्राने नाही म्हटलं. वहिनींनी त्या कोपऱ्यात आठ दिवस थांबून पेरलं. रोप वाचलं. जाताना ती मुलगी ते यंत्र वहिनींकडे ठेवून गेली. तिने ‘पारंपरिक ज्ञान’ हा शब्द तोंडातून काढला नाही, आणि वहिनींना खोटं ठरवायलाही ती आली नव्हती. दोघी मिळून एका कोपऱ्यातलं पाणी बघत होत्या. असं काम करणाऱ्या माणसासाठी आमच्या घरात केव्हाही पान वाढलेलं आहे.

सिमेंटवाल्यांविषयीही दोन वाक्यं लिहायला हवीत, कारण तेही एका कल्पनेच्या प्रेमात असतात. कागदावर पक्की मानस म्हणजे कायमची मानस. खाली मात्र नदीचा मऊ चिखल आहे, त्यावर जड काँक्रीट उभं केलं की ते एका अंगाने बसतं. मग दार आणि चौकट यांच्यात हात जाईल एवढी फट राहते, आणि त्या फटीतून प्रत्येक भरतीला पाणी आत. लाकडी दार कुजलं तर सुतार बदलतो. बसलेलं काँक्रीट कोण सरळ करणार? काँक्रीट नकोच असं नाही, खालची जमीन आधी तपासा एवढंच.

आता मागणं. तुमच्या पुढच्या प्रकल्पात, मग तो पैसा कुठूनही येवो, बांधावर चालणाऱ्या माणसाचा पगार धरा. महिन्यातल्या उधाणाच्या आठ-दहा रात्री, वर्षभर, प्रत्येक खाजनाला दोन माणसं. एका परिषदेच्या मांडवाच्या आणि जेवणाच्या खर्चात किती रात्री चालणं होईल, त्याचा हिशेब तुम्हीच करून बघा. गावातली दोन-तीन तरुण मुलं मला रोज विचारतात, काका, बांधावर आलो तर काय मिळेल? ती आळशी नाहीत. त्यांना घर चालवायचं आहे. त्यांच्या आज्यांनी हे काम पोटाच्या भयाने केलं, ती भयं आता राहिली नाहीत ही चांगलीच गोष्ट झाली. मग कामाचं मोल द्यावं लागेल. ते न देता त्यांना ‘वारशाचे राखणदार’ म्हणून हारतुरे घालू नका, त्यांना त्याचं वाईट वाटतं.

दुसरं मागणं नकाशाचं. तो टाकून देऊ नका, त्यात नावं घाला. आमच्या दीड किलोमीटरच्या बांधाला एकोणीस नावं आहेत. मोडकी, वडाकडची, दोन चिरे, सुंगटांची, म्हाताऱ्याची खांड. प्रत्येक नावात एक माहिती आहे. ‘सुंगटांची’ म्हणजे जिथे आतली पोंय बांधाला टेकते आणि दोन्हीकडून पाणी लागतं. ‘दोन चिरे’ म्हणजे जिथे खाली जुन्या मानशीची चौकट पुरलेली आहे, तिथे बांबू ठोकला तर आत जात नाही. कुठली जागा कुठल्या महिन्यात झिरपते, कुठे कुर्ल्या जास्त, कुठली माती कुठल्या चरातून आणली तर धरते, हे सगळं त्या नावांना लागून आलेलं आहे. माझ्या वहीत बावीस वर्षांच्या नोंदी आहेत, पण त्या माझ्या माहितीपुरत्या. एकोणीसपैकी सहा जागांविषयी मलाही पुरतं सांगता येत नाही. ते सांगू शकणारी तीन माणसं गावात आहेत, सगळी ऐंशीच्या पुढची.

माझी वही मी द्यायला तयार आहे. पण ती नुसती वाचून भागणार नाही, या तिघांना बांधावर नेऊन, खुर्ची टाकून बसवून, एकेक जागा विचारत पुढे सरकावं लागेल. चार-पाच सकाळी लागतील, ओहोटीच्या. मी दोघांशी बोललोय, ते हो म्हणाले. तिसरे ‘दोन चिरे’च्या बाजूच्या वाड्यावर राहतात, त्यांना आता कानाला कमी ऐकू येतं आणि सकाळी दहानंतर ते थकतात. पाऊस लागला की बांध निसरडा होतो, मग त्यांना तिथे नेता येणार नाही. त्याआधी या.

आपला,
बार्देशातला एक कूळ-शेतकरी